रेकॉर्डवर काही नाही

१८ मे २००८, रविवार

सगळं बदललं ते अनुयाने माझी कॉलर धरून मला टेबलाखाली ओढलं तेव्हा. गेल्या ऑक्टोबरात, अमेरिकेत, आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. माझ्या पुढ्यात टोमॅटो सूप होतं. पहिला आवाज झाला तेव्हा तो कशाचा आहे हे त्या अख्ख्या हॉलमध्ये बहुधा मला एकट्यालाच कळलं. सिंगापूरच्या कायम रहिवाशांच्या मुलांना, पासपोर्ट कुठलाही असो, कॉलेजआधी आर्मीत जावंच लागतं. तिथे घालवलेल्या दिवसांमुळे तो आवाज मी झोपेतही ओळखतो. आणि ओळखून मी काय केलं? उभा राहिलो. बाकीचे अजून हसत होते, कुणाच्या तरी हातून ट्रे पडले असं समजून. अनुयाने तोवर बंदूक लांबूनसुद्धा पाहिली नव्हती, पण ओढलं तिनेच. माझ्या शर्टाचं वरचं बटण तुटलं. टेबलाखाली तिचा श्वास माझ्या कानावर लागत होता आणि माझ्या डोक्यात काय, तर हिच्या केसांना कॉफीचा वास येतोय.

दोन मुलं गेली. एक माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गातला. गोळ्या घालणाराही कॉलेजचाच. त्याने पिस्तूल बंदुकांच्या एका प्रदर्शनाबाहेर, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून घेतलं होतं. दुकानात निदान माणसाची चौकशी होते, नाव सरकारकडे तपासलं जातं. डिकीपाशी कोण विचारणार?

डिसेंबरात मी कॉलेज अर्ध्यात टाकून इकडे सिंगापूरला, हौगांगच्या घरी आलो. आई म्हणते लिहीत जा, मोकळं वाटेल. ही डायरी बाबांच्या कंपनीची आहे, पानोपानी खाली सुरक्षेचं एकेक वाक्य छापलंय. आजचं वाक्य: 'हेल्मेट डोक्यावर, काखेत नव्हे.'

लिहिलं. मोकळंबिकळं काही वाटत नाही. खरं तर काहीच वाटत नाही. फक्त अनुयाचं नाव लिहिताना हात जरा सावकाश चालतो.

२५ मे, रविवार

विश्वासकाकांकडे आमरस. विश्वासकाका आणि सुलेखाकाकू म्हणजे अनुयाचे आईवडील. काका बँकेत बडे साहेब, बुकित तिमाहला कॉन्डो, खाली पोहण्याचा तलाव, वर गॅलरीत तुळस. अनुया त्यांची एकुलती. जन्म न्यू जर्सीचा, त्यामुळे पासपोर्ट अमेरिकन. ती अजून तिकडेच आहे. एक सत्र बुडालं ते उन्हाळ्यात भरून काढतेय, मग गणपतीला घरी येणार.

"काय वेदांत, पुढे काय ठरलं?" काकांनी वाटी पुढे करत विचारलं.

"बघतोय, काका."

"अरे लेका, डिसेंबरपासून बघतोयस. हा कॉन्डो घेतानासुद्धा आम्ही एवढं बघितलं नव्हतं."

सगळे हसले. बाबाही हसले आणि मग पुरीकडे बघत राहिले.

जेवणानंतर काकांनी बाबांना जानेवारीची हकिगत पुन्हा सांगितली. अनुयाला तेव्हा हॉस्पिटलात, मानसोपचाराच्या वॉर्डात ठेवलं होतं. "तिथले डॉक्टर म्हणायला लागले, जजपुढे नेऊ, ऑर्डर काढू, सक्तीने ठेवून घेऊ. मी म्हटलं, थांबा. विमानातून उतरलो तो तसाच तिथे. वकील गाठला. अनूची सही घेतली, की मी स्वखुशीने दाखल होतेय. खलास! स्वखुशीने आलेला माणूस स्वखुशीने घरी जातो. कोर्ट नाही, ऑर्डर नाही. रेकॉर्डवर काही नाही."

"वा," बाबा म्हणाले. ते जुरोंग आयलंडला रसायनांच्या प्लांटवर आहेत. कागद चोख करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून आदर.

"मुलीची जात हो," काकू म्हणाल्या. "उद्या स्थळं बघायची. आणि होतं काय तिला? थकवा. जेवायची नाही, झोपायची नाही. नीताताई, तुम्हीच सांगा, इतक्या लांब एकटी पोर, एवढं भयंकर बघितलेलं, थकणार नाही का?"

"थकेल की," आई म्हणाली.

मी काहीतरी बोलणार होतो, पण 'स्थळं' हा शब्द आला आणि मी पुरीचे तुकडे करत बसलो. कसली स्थळं? मी समोर बसलोय ना.

१ जून, रविवार

अनुयाशी स्काइपवर बोललो. पहिलंच वाक्य: "आज रोहनबरोबर रेंजवर गेले होते."

रोहन म्हणजे तिथे पीएचडी करणारा एक. जन्मला अमेरिकेतच. त्याचं मराठी ऐकलं की वाटतं हा भाषा हातमोजे घालून उचलतोय.

"कसली रेंज?"

"शूटिंगची. कागदाचा माणूस असतो समोर."

"वेड लागलंय का तुला?"

"नाही. रेकॉर्डवर तरी नाही." आणि हसली. मीही हसलो, कारण ती हसली.

म्हणाली, आवाज आपणच करायचा असला की त्याची भीती वाटत नाही. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा शांत वाटलं. मी भडकलो. म्हटलं, बाई गं, बंदूक काय असते ते मला विचार. मला तर सरकारने न मागता दिली होती. पण गोळीबार संपला की प्रत्येक रिकामी पुंगळी वेचून परत द्यायची, हात वर करून सार्जंटपुढे उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं, माझ्याकडे काही शिल्लक नाही, सर! आमच्या खोलीतल्या एकाने डॉक्टरला एवढंच सांगितलं होतं की मैत्रीण सोडून गेली, झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची रायफल काढून घेतली आणि त्याला गोदामात घोंगड्या मोजायला बसवलं. आम्ही त्याला 'ब्लँकेट' म्हणायचो.

"तो आता कसा आहे?" अनुयाने विचारलं.

"कोण?"

"ब्लँकेट."

"मला काय माहीत! असेल कुठेतरी. बहुतेक लग्न झालं."

"बघ," ती म्हणाली.

काय बघ? मुद्दा काय चाललाय, ही विचारते काय. तिची ही सवयच आहे.

५ जून, गुरुवार

काही नाही. जमिनीवर पडून पंखा बघितला. संध्याकाळी बाबा कंपनीच्या बसमधून उतरले ते गळ्यातला पास न काढताच मला खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर घेऊन गेले. काया टोस्ट, नारळाच्या जॅमचा, मागवला. त्यांनी त्यांच्यातला अर्धा माझ्या बशीत सरकवला.

१२ जून, गुरुवार

तिने पिस्तूल विकत घेतलं.

सहज सांगितलं, जसं काही छत्री घेतली. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "चेक झाला?" गेले कित्येक महिने मी इंटरनेटच्या फोरमवर अमेरिकन लोकांशी याच एका गोष्टीवरून भांडतोय. हत्यार हातात देण्याआधी माणूस तपासा. दुकानात, प्रदर्शनात, डिकीपाशी, सगळीकडे. ते मला त्यांच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती तोंडावर फेकतात आणि विचारतात, तू कुठला रे? मी म्हणतो, राहतो सिंगापूरला, पासपोर्ट भारताचा, पण गोळ्या तुमच्या बघितल्यात.

"झाला ना चेक," अनुया म्हणाली. "अगदी रीतसर दुकानातून घेतलं. तूच म्हणतोस ना, दुकानातून घ्यावं? फॉर्म भरला, त्या माणसाने फोन लावला, तोवर मी भिंतीवरची हरणांची मुंडकी बघत होते. मग म्हणाला, ऑल गुड, हनी. पास!"

"फॉर्मवर विचारत नाहीत? हॉस्पिटलचं वगैरे?"

"विचारतात. कोर्टाने सक्तीने दाखल केलं होतं का? नाही. मी खोटं नाही लिहिलं हं, वेदू. बाबांनी खरंच काही ठेवलेलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "सरकार म्हणतंय मी ठीक आहे. आईला सांगायला हवं खरं तर, खूश होईल. पण नको. तूही सांगायचं नाहीस. घे माझ्या गळ्याची शपथ."

"अनू, हे काय लहान मुलांसारखं..."

"घे. नाहीतर यापुढे तुला काही सांगणार नाही."

घेतली. 'यापुढे तुला काही सांगणार नाही' एवढं ती म्हणाली की माझे सगळे मुद्दे गार होतात.

१३ जून, शुक्रवार

विचार केला. चेक पास झाली म्हणजे माझ्याच म्हणण्याप्रमाणे सगळं बरोबर आहे. मग माझं डोकं कशाने सटकलंय? रोहनने. दुकानात तिच्याबरोबर तोच गेला असणार. हरणांच्या मुंडक्यांखाली दोघं.

फोरमवर चार जणांना शिव्या घातल्या. मला काढून टाकलं. दुसऱ्या नावाने परत आलो.

२७ जून, शुक्रवार

काल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा प्रत्येक नागरिकाचा स्वतःचा हक्क. पाच विरुद्ध चार. फोरमवर दिवाळी. मी बसल्या जागी लिहीत सुटलो. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा ताट आणून कीबोर्डवर ठेवलं.

मग अनुयाने स्काइप लावलं. तिच्या स्वयंपाकघरात रोहन. स्वतःच्या घरात बसल्यासारखा आरामात.

"काय ड्यूड, निकाल वाचला?"

"वाचला. चौघांना तरी अक्कल होती."

"हे बघ, तुझ्या आर्मीने तुला गन दिली आणि मग परत घेतली. तुला कुणी विचारलं? नाही. आमच्याकडे तो माझा राइट आहे. राइट आणि ड्यूटी यात फरक असतो, यार."

"हक्क ठेव तुझा उशाशी. देण्याआधी माणूस नीट तपासा, एवढंच म्हणतोय मी."

"ते तर जजनेच लिहिलंय! क्रिमिनल्सना नाही, मेंटली इल लोकांना नाही. कुणीच म्हणत नाही की वेड्यांना द्या."

अनुया उठली आणि सिंकपाशी गेली. आम्ही दोघं भांडत राहिलो. मला स्क्रीनवर रोहनच्या खांद्यामागे तिची पाठ दिसत होती. ती एक कप धूत होती. नळ चालू, कप तोच, धुतेय धुतेयच. त्याचा कप. माझा कप तिने कधी धुतला नव्हता.

परत आली तेव्हा हसत होती. "झालं का तुमचं? कोण जिंकलं?"

"मी," आम्ही दोघंही म्हणालो.

६ जुलै, रविवार

अनुयाने रोहनला भाताचा कुकर देऊन टाकला. आमचा कुकर! पहिल्या थंडीत आम्ही दोघांनी बर्फातून उचलून आणलेला.

"मग तू काय खाणार?"

"भूक नसते रे फारशी. आणि त्याला भात आवडतो."

सायकलही त्यालाच दिली. जाड कोट शेजारच्या खोलीतल्या मुलीला. कोटाचं मला काही नाही. पण कुकर? म्हणजे जेवायला आता त्याच्याकडेच जात असणार. इतकं सरळ आहे हे. चपलांच्या स्टँडला लाथ मारली. आई बाहेर आली, तिने चपला पुन्हा लावल्या.

१३ जुलै, रविवार

विश्वासकाका खाली आमच्या ब्लॉकपाशी भेटले. हौगांगला कुणाकडे तरी आले होते. म्हणाले, अनू आता एकदम मस्त आहे, फोनवर छान हसते, गणपतीला येईल तेव्हा एक-दोन मुलं दाखवायची आहेत. एक घड्याळासारखा नियमित मुलगा आहे म्हणे, सॅन होजेला. "तूही लाग कामाला, वेदांत. मुलींच्या बापांना नोकरीवाला मुलगा लागतो."

माझ्या पाठीवर थाप मारून गेले. हात जड होता. राग यायला हवा होता. आला नाही, मी नुसता लिफ्टची वाट बघत उभा राहिलो आणि लिफ्ट आली तरी उभाच होतो.

२० जुलै, रविवार

आज तिने स्वतःहून फोन केला. किती गोड बोलली! आवाज मऊ, झोप नीट झालेल्या माणसाचा असतो तसा. झोप लागते का विचारलं, तर म्हणाली, हल्ली छान लागते. सगळं ठरलं की लागते.

"काय ठरलं?"

"असंच. तू नको डोकं खाऊ." मग म्हणाली, "वेदू, तेव्हा तुझं बटण तुटलं ना कॉलर ओढताना. सॉरी हं. म्हणायचं राहून गेलं होतं."

"अगं, बटणाचं काय घेऊन बसलीस!"

"नाही, राहायला नको."

इतक्या महिन्यांत ती इतकी शांत कधीच नव्हती. म्हणजे रोहनशी ठरलं. बरं आहे. तिला बरं वाटतंय ना, मग बरं आहे. असं लिहून बघितलं. जमतंय का? नाही जमत. डोक्यावरून विमानं जातायत, नॅशनल डेच्या तालमीची. समोरच्या ब्लॉकला झेंडे लागलेत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पार्सल आलं. अमेरिकेहून, अनुयाच्या अक्षरातलं. उघडलं तर आत माझा निळा स्वेटर. धुऊन, घडी घालून. स्वेटरखाली आईचा स्टीलचा डबा, ज्यातून गेल्या वर्षी मी तिला बेसनाचे लाडू दिले होते. चिठ्ठी नाही.

तर असं. वस्तू परत म्हणजे संपलं. मी डबा उघडलासुद्धा नाही. सगळं पलंगाखाली ढकललं आणि जमिनीवर पडलो. रडू येईल असं वाटत होतं. वाट बघितली.

२ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ

रोहनच्या फोनची वाट बघतोय. हातांना काहीतरी हवं म्हणून लिहितोय. नीट क्रमाने लिहितो.

आई केर काढत होती. पलंगाखाली झाडू डब्याला लागला. तिने तो ओढून काढला, उघडला. आत साखर होती. कॅन्टीनमध्ये मिळतात तशा कागदाच्या पुड्या, डबा भरून.

"हे कधी आलं?"

"काल. तिने सगळं परत पाठवलंय. आता काही विचारू नकोस."

आई डबा मांडीवर घेऊन बसली. "रिकामा डबा परत करू नये, हे सुलेखाने शिकवलंय हो पोरीला. पण पोस्टाने? अरे, ती गणपतीला येतेय ना? मग येताना हातात नाही का आणायचा?"

"तिला माझ्याशी संबंध ठेवायचा नाहीये, आई! कळत नाही का तुला? कुकर त्या रोहनला, सायकल त्याला, माझा स्वेटर मला. संपलं. त्याच्याबरोबर..."

"थांब. कुकर दिला? सायकलपण? आणि काय दिलं?"

"कोट. कुणा मुलीला."

"अमेरिकेत थंडी असते ना रे?" आई म्हणाली.

असते. ऑक्टोबरपासूनच असते.

आई माझ्याकडे बघत होती. "वेदू, माणूस असं सगळ्यांचं सगळं कधी देऊन टाकतो? ही पोर कुठे निघालीय?"

मी रोहनला फोन लावला. त्याचा नंबर माझ्याकडे होता, पण लावायचा नाही अशी माझी प्रतिज्ञा होती. तिकडे सकाळ होती. म्हटलं, अनुया तुझ्याकडे राहायला येतेय का?

"माझ्याकडे?" तो झोपेतून उठला होता. "ड्यूड, ती तर तुझ्याकडे येतेय. सिंगापूरला, फॉर गुड. म्हणून तर सगळं वाटतेय. मी अपसेट होतो, यार. मी तिला काही बोललो नाही, पण मी अपसेट होतो."

मी त्याला जानेवारीतलं सांगितलं, हॉस्पिटल, काका, सही. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "पण ती चेक पास झाली. मी तिथे उभा होतो." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "ओ गॉड, मी तिला रेंजवर नेलं." मी म्हटलं, बूट घाल आणि आधी तिच्याकडे जा. फोन करत बसू नकोस. दार वाजव.

गेलाय.

आई देवापाशी नाही, स्वयंपाकघरात उभी आहे. गॅस बंद आहे. मी तिला पिस्तुलाचं सांगितलं. शपथ मोडली. मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली त्याचं वाईट होतं म्हणतात. खाली मुलं फुटबॉल खेळतायत. भिंतीवर बॉलचा आवाज येतोय. मला अजून काही वाटत नाहीये. याचं काय करायचं?

आला फोन.

ती ठीक आहे. दार उघडायला तिने खूप वेळ लावला. रोहनने विचारलं, कुठे ठेवलंयस? ती म्हणाली, माझा राइट आहे. तो म्हणाला, "हो, तुझाच आहे. तरी पण दे."

दिलं. आता ते त्याच्या गाडीच्या डिकीत कुलपात आहे आणि तो तिच्याकडे चहा करतोय. कसा करायचा ते त्याला माहीत नाही, मला विचारत होता आलं आधी की नंतर. ती भिंतीला टेकून बसलीय. एकच वाक्य बोलली म्हणे: वेदूला सांग, मी त्याला यापुढे काही सांगणार नाही.

आता बुकित तिमाह, काकांकडे. बाबा म्हणाले, फोन कर. मी म्हटलं, फोनवर काका थकवा म्हणतील आणि ठेवून देतील. बाबांनी थोडा विचार केला. "मग चप्पल नको, बूट घाल," म्हणाले. "आणि शांतपणे बोल. ओरडलास तर फक्त तुझं ओरडणं लक्षात ठेवतील."

३ ऑगस्ट, रविवार

काल टॅक्सीने गेलो. दार काकूंनी उघडलं. हातात कोथिंबीर होती. काका टीव्हीसमोर. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पिस्तूल, कुकर, कोट, डबा, रोहन. ओरडलो नाही. कुणाची तरी बातमी वाचून दाखवतोय असा आवाज येत होता माझा.

काका उठले. "हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"आईबाबांना."

"महाराष्ट्र मंडळात कुणाला?"

"नाही, काका."

"अरे, पण तिचा चेक झाला ना? अमेरिकन सरकारने तपासलंय ना तिला? तू कोण? कॉलेज सोडून घरी पंख्याखाली पडलेला मुलगा, माझ्या मुलीला वेडी ठरवतोस? तिने नकार दिला असेल, म्हणून..."

"अहो," काकू म्हणाल्या.

"नाही, बोलू दे मला! जानेवारीत मी जिवाचं रान केलं. एक डाग राहू दिला नाही. आणि हा येऊन..."

इतर वेळी मी त्यांच्या अंगावर गेलो असतो. माझे हात तसेच लोंबत राहिले.

काकूंनी कोथिंबीर टेबलावर ठेवली. माझ्याजवळ आल्या. "जेवते का ती?"

"भूक नसते म्हणाली."

"झोपते?"

"हल्ली झोपते, काकू. छान झोपते म्हणाली. खूप शांत होती."

"किती शांत?"

मला सांगता येईना. काकू माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, आणि मग वळून आत गेल्या. कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात स्वतःचा पासपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात अनूच्या लहानपणची गोधडी. ती कशाला घेतली ते त्यांनाही माहीत नसावं.

"तिकीट बघा," त्या काकांना म्हणाल्या.

"सुलेखा, असं तडकाफडकी... ऑफिसात काय सांगायचं? लोक विचारतील..."

"सांगा, मुलगी आजारी आहे."

"अगं..."

"आजारी आहे ती. म्हणा तुम्ही. एकदा म्हणून बघा."

काका म्हणाले नाहीत. पण त्यांनी फोन उचलला. एअरलाइनचं संगीत वाजत होतं, ते आम्ही तिघंही ऐकत उभे राहिलो. काका सोफ्याच्या हातावर टेकले, एकदम म्हाताऱ्या माणसासारखे. काकू गोधडी बॅगेत कोंबत होत्या. ती मावत नव्हती, त्या पुन्हा काढून पुन्हा कोंबत होत्या. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "तू जा आता." आभार नाही, राग नाही. मलाही तेच बरं वाटलं.

मी दाराशी बूट घालत होतो. काका फोन कानाला लावूनच म्हणाले, "वेदांत. ती... माझ्याबद्दल काही बोलते का?"

बाबांनी खरंच काही ठेवलेलंच नाही, हे तिचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. किती महिने हा माणूस मला बोलून घेतोय. आता माझी पाळी होती.

"तुमचं नाव काढते," मी म्हणालो.

"काय म्हणते?"

पलीकडून कुणीतरी बाई फोनवर आली. काकांना इंग्रजीत बोलावं लागलं. त्यांनी माझ्याकडे बघतच स्वतःचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. कुठे जायचंय ते सांगितलं. प्रवासाचं कारण विचारलं असावं, कारण ते थांबले, त्यांचे ओठ हलले, आणि मग अगदी हळू म्हणाले, माय डॉटर इज नॉट वेल.

काकू बॅगेवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

मी बुटाची नाडी बांधली, बाहेर आलो आणि आवाज होणार नाही असं दार लावून घेतलं.